वरच्या डोहाचा धनी

ओकुतानेची प्राथमिक शाळा मुलं संपली म्हणून बंद झाली, आणि मग तिच्यात हानझाकी भरती झाले. विज्ञानाच्या वर्गात टाक्या, संगीताच्या वर्गात टाक्या, पोहण्याच्या हौदात जाळीचे कप्पे. हजेरी घ्यायला एकटी तोमोए. नगरपालिकेत ती मुळात जुन्या वस्तूंच्या खात्यात लागली होती. देवळाच्या घंटा, कोरीव दगड, असलं काही सांभाळायचं काम. पण कायद्याच्या लेखी हानझाकी हे जनावर नव्हेच, तो राष्ट्राचा ठेवा. त्यामुळे घंटांच्या रांगेत तोही तिच्या पदरात पडला. बेडकाच्या कुळातला, सरड्याच्या घडणीचा, लहान मुलाएवढा लांब असा हा ठेवा दिवसभर टाकीच्या तळाशी दगडासारखा पडून राही. हात लावला की अंगातून पांढरा चीक सोडी, आणि त्या चिकाला येई तिरफळाचा वास. तोमोएच्या स्वेटरला, केसांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा तो वास लागलेला होता.

शाळेतले सगळे हानझाकी नदीतून पकडून आणलेले मिश्र होते. ते मिश्र कसे झाले, हे गावाने कधी लपवलं नाही, उलट आलेल्या पाहुण्याला कौतुकाने सांगितलं. सप्टेंबरात हाचिमानच्या देवळात होजोए होतो, म्हणजे जीव सोडण्याचा सण. पकडलेले मासे, खेकडे विकत घ्यायचे, पुरोहिताने मंत्र म्हणायचे आणि सगळ्यांना नदीत मोकळं करायचं. पन्नासेक वर्षांपूर्वी गावातल्या साकेच्या दुकानदाराला ओसाकाच्या बाजारात चीनहून खाण्यासाठी आणलेले जिवंत हानझाकी दिसले. कढईत जाणारे जीव बघून त्याचं मन द्रवलं. त्याने सगळे विकत घेतले आणि होजोएला नदीत सोडले. गावाने टाळ्या वाजवल्या. चिनी हानझाकी वेगळ्या जातीचा, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दिसायला तर थेट इथल्यासारखाच. फक्त अंगाने दांडगा, स्वभावाने भांडखोर. इथल्या माद्यांना तो परका वाटला नाही, एवढंच झालं आणि तेवढं पुरलं.

त्या दिवशी पिंप खांद्यावर घेऊन नदीपर्यंत गेलेला तरुण होता क्यूझो, तोमोएचा सासरा. आता तो चौऱ्याऐंशीचा होता आणि देवळाच्या मंडळाचा प्रमुख होता. तोमोएचा नवरा हिरोशिमात नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलेली. घरात ही दोघंच.

ऑगस्टच्या सुरुवातीला विद्यापीठातून नागासेबाईंचा फोन आला. हानझाकीच्या तोंडात कापसाची काडी फिरवून तोमोए ती विद्यापीठात पाठवायची. तिथे नागासेबाई त्याचं कूळ वाचायच्या. डोळ्यांनी बघून कुणालाच काही सांगता येत नसे, नागासेबाईंनाही नाही.

"तोमोए-सान, बसलायत ना?"

"टाकी घासतेय. सांगा."

"बंधाऱ्याखालचं सगळं तपासून झालं. एकही इथला नाही."

"एकही?"

"पिल्लंसुद्धा नाहीत. पाण्यात मिसोची पेस्ट ढवळल्यावर त्यातून नुसतं पाणी परत काढता येत नाही, तसं झालंय. आता उरला वरचा डोह."

वरचा डोह बंधाऱ्याच्या पलीकडे होता. बंधारा म्हणजे जुनी, उभी, शेवाळलेली काँक्रीटची भिंत. हानझाकीला ती चढता येत नाही, म्हणून तोमोएने तिला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या. तिथे उतरण बांधा म्हणून अर्जही केले होते. साहेबांनी नेहमीप्रमाणे ते अर्ज दाबून ठेवले, आणि आज तिने आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या आळसाला मनोमन हात जोडले. कारण खालचं काही वर गेलं नसेल, तर ते त्या भिंतीमुळेच.

डोहाच्या काठाला, पाण्याखाली एक खोल कपार आहे. तिचा जो मालक तो नुशी, म्हणजे धनी. सप्टेंबरात माद्या येतात, त्याच्या कपारीत अंडी घालून निघून जातात, आणि बाप वसंतापर्यंत उपाशीतापाशी तिथे राखण करत बसतो. सध्याचा नुशी क्यूझोच्या तरुणपणापासून तिथेच असल्याचं गाव मानत होतं. मुलांनी त्या डोहात दगड मारायचा नाही, आणि मारलाच तर घरी येऊन सांगायचं नाही, अशी रीत होती.

नुशीच्या तोंडात काडी घालताना नागासेबाईंचा हातमोजा फाटला. निकाल आठवड्याने आला. इथला. नुशी इथला, डोहातल्या माद्या इथल्या. खोऱ्यातला शेवटचा जुना वंश त्या एका डोहात शिल्लक होता, आणि नर त्यांच्यात एकच. तोमोए पहिलीच्या पोरांच्या चिमुकल्या खुर्चीवर बसली आणि तिला रडू फुटलं. आनंदाचं होतं, पण त्यात भीतीही होती. एवढं थोडं उरलेलं असणं फार वाईट असतं.

संध्याकाळी थंड शेवया जेवताना तिने सासऱ्याला सांगितलं.

"त्यात काय तपासायचं?" क्यूझो शेवया भुरकत म्हणाला. "नुशी आहे तो. आणि शाळेतल्या आमच्या पहिलवानाचं काय? त्याला कधी सोडणार?"

पहिलवान म्हणजे विज्ञानाच्या वर्गातला सगळ्यात मोठा नर. क्यूझोने त्याचं नाव ओझेकी ठेवलं होतं, सुमोतल्या मोठ्या मल्लांच्या पदवीवरून. रोज दुपारी तो शाळेत येई आणि ओझेकीला चिमट्याने मासा भरवी.

"त्याला नाही सोडता येणार, बाबा. मिश्र आहे तो."

"पन्नास वर्षं ह्याच नदीचं पाणी प्यायलेत ते. मी तिकडे चीनमध्ये, दाइरेनला जन्मलो. युद्ध हरल्यावर बोटीतून उतरलो तेव्हा ह्याच गावची पोरं मला 'बोटीवरचा' म्हणायची. माझ्या पण तोंडात काडी घालून बघ की."

"तुमची गोष्ट वेगळी."

"हेच म्हणायचे. 'तुमची गोष्ट वेगळी,' म्हणायचे, आणि तांदूळ द्यायचे नाहीत."

माणूस एकाच जातीचा, हे दोन जातींचे. एक जात दुसरीत बुडाली की ती जगात परत कुठेच नसते. तोमोएला हे सांगता आलं असतं. पण सासऱ्याला उलट उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. तिने त्याच्या पेल्यात जवाचा चहा ओतला आणि विषय तिथेच राहिला.

सप्टेंबर उजाडला आणि नगरपालिकेत बैठक झाली. शाळा धोकादायक, मार्चअखेर पाडायची. मिश्र जनावरं नव्या नियमाने परकी ठरलेली. ती सोडता येत नाहीत, पोसायला कुणी घेत नाही. त्यांची योग्य ती व्यवस्था करावी, असं ठरलं. व्यवस्था म्हणजे भूल द्यायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. बैठकीत 'मारणं' हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायला आणि घरी गेले. तोमोएनेही मान डोलावली होती.

"काय ठरलं शाळेचं?" क्यूझोने विचारलं.

"पाडणार आहेत."

"आणि आमची मंडळी?"

"त्यांची दुसरीकडे सोय करणार आहेत."

"कुठे?"

"अजून ठरायचंय, बाबा."

तो आपला पेला विसळायला उठला. तोमोएला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

पण गावात तोफू विकणारी हात्सुए होती आणि तिचा भाऊ नगरपालिकेत होता. दोनच दिवसांनी क्यूझो तोफू घेऊन आला तो गप्पगप्प. शाळेत मात्र तो आता सकाळीही जाऊ लागला. एकदा तोमोए दारातून आत आली तेव्हा तो ओझेकीच्या टाकीवर वाकून उभा होता, काचेला जवळजवळ नाक लावून.

"सूनबाई, वरच्या डोहाचं पाणी अजून आहे का गं तसं?" तिच्याकडे न बघता त्याने विचारलं.

तोमोएच्या डोक्यात तेव्हा सगळा वेळ नुशीच होता.

"तसंच आहे, बाबा. सगळ्या खोऱ्यात तेवढंच एक चांगलं पाणी उरलंय."

"बरं," क्यूझो म्हणाला.

होजोएच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. पुलावर पताका, ढोल, लाकडी टबात मासे. पुरोहिताने मंत्र म्हटले, म्हाताऱ्या बायकांनी टब कलंडले, मासे चकाकत पाण्यात गेले. तोमोए गर्दीत उभी होती आणि तिला काहीतरी खटकत होतं. मग तिच्या लक्षात आलं की पहिला टब कलंडवायला क्यूझो नव्हता. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मंडळातले त्याचे दोघे मित्रही दिसत नव्हते.

"म्हातारा कुठाय गं तुझा?" हात्सुएने विचारलं.

"गुडघा दुखत असेल त्यांचा."

"गुडघा? आत्ताच तर टेम्पो दामटत वरच्या रस्त्याने गेले तिघं. वरातीला निघाल्यासारखे!"

तोमोए धावतच शाळेत गेली. दरवाजा उघडण्याआधीच वास आला. एवढा वास तिने कधी घेतला नव्हता. तिरफळांचं पोतं फुटल्यासारखा तो व्हरांड्यात भरला होता. विज्ञानाच्या वर्गात झाकणं खाली ठेवलेली, नीट, भिंतीला टेकवून. फरशीवर पाण्याचे ओघळ फाटकापर्यंत गेले होते. मोठ्या टाक्या रिकाम्या होत्या. ओझेकीची पहिली.

घरी तिघे म्हातारे गुडघ्यापर्यंत भिजलेल्या सणाच्या पोशाखातच साके पीत बसले होते. तिला बघून क्यूझोचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

"ये, ये! तुझं ओझं उतरवलं बघ."

"कुठे सोडलंत?"

"अगं, बस तर आधी."

"बाबा, कुठे सोडलंत त्यांना?"

"वरच्या डोहात," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना, चांगलं पाणी तेवढंच आहे. मारायला काढलेल्या जिवाला सोडायचं, तर काय गटारात सोडायचं? जे मोठे तेच सहा नेले. त्यांनाच आधी मारलं असतं. मी मंत्रसुद्धा म्हटला, येतो तेवढा."

एक मित्र हसत म्हणाला, "तुझा ओझेकी काय जड गं! मला वाटलं माझीच व्यवस्था होतेय आज."

तोमोए उंबऱ्यावरच बसली. सासऱ्याला काही वाईटसाईट बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्याच्या भिजलेल्या, सुरकुतलेल्या पायांकडे नजर गेली आणि ती नागासेबाईंना फोन करायला उठली. मागून क्यूझोचा आवाज आला, आता जरा बावरलेला. "काय झालं? काय झालं गं?"

नागासेबाई जाळी आणि दोन विद्यार्थी घेऊन आल्या. शाळेतल्या प्रत्येक जनावराच्या अंगात कातडीखाली चिप होती, त्यामुळे सापडलेलं कुठलं ते यंत्र धरलं की कळत होतं. पहिले दोन काठालाच मिळाले. तिसरा, चौथा वरच्या खळग्यात. पाचव्याला दिवस लागला. ओझेकी मिळेना. कपारीत बघायचं कुणी धाडस करत नव्हतं, कारण हा अंडी घालायचा हंगाम. राखणीला बसलेल्या नुशीला डिवचलं तर तो अंडीच सोडून जाईल. म्हणून कपार सोडून सगळा डोह त्यांनी चाळून काढला.

क्यूझो रोज येऊन काठावर बसे. त्याला आता सगळं सांगून झालं होतं. नागासेबाईंनीच सांगितलं, आडपडदा न ठेवता, दोन जाती काय आणि एक बुडाली म्हणजे काय ते. तो ऐकून घेऊन म्हणाला होता, "मला हे आधी कुणी का नाही सांगितलं?" आणि तोमोएने मान खाली घातली होती.

मग एका सकाळी बंधाऱ्यापाशी लावलेल्या जाळीला काहीतरी अडकलेलं दिसलं. विद्यार्थ्यांना ओंडका वाटला. तो नुशी होता. पुढचा एक पाय मुळापासून नव्हता आणि गळ्याखाली जबड्याच्या रुंदीची जखम होती, पाण्याने धुऊन पांढरी पडलेली. क्यूझोने अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला आणि तिथेच चिखलात बसून राहिला. त्याला उठवायला दोघं लागले.

आता कपारीत बघायला हरकत नव्हती. नागासेबाईंनी काठीला बांधलेला कॅमेरा आत सरकवला. छोट्या पडद्यावर आधी गढूळ पाणी दिसलं, मग सगळी कपार भरून टाकणारं एक रुंद डोकं. त्याच्या मागे शेपटी हलत होती, सावकाश, राखण करणाऱ्या बापाची हलावी तशी. यंत्र जवळ नेलं. ते वाजलं. आकडा बघायची तोमोएला गरज वाटली नाही.

ओझेकीला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मागे अंडी होती. जपमाळेसारख्या दोऱ्यांत ओवलेली, पिवळसर, शेकड्यांनी, एकमेकांत गुंतलेली.

"कुणाची?" तोमोएने विचारलं.

"बघून नाही सांगता येणार," नागासेबाई म्हणाल्या. "नुशी जिवंत असताना घातली असतील तर त्याची. नंतर घातली असतील तर ह्याची. थोडी नेते तपासायला. बाकीची शाळेत ठेवा, गार पाण्यात."

ते दिवस तोमोएच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. क्यूझो सकाळीच येऊन टबापाशी बसायचा आणि तळव्याने पाणी हळूहळू हलवत राहायचा, कपारीत धनी शेपटीने हलवतो तसं. जेवायला उठवावं लागायचं. बोलायचा तो एकच गोष्ट.

"नुशीचीच आहेत. कपार अशी सोडणारा नव्हता तो. वंश ठेवूनच गेला असणार."

"निकाल येऊ दे, बाबा."

"येऊ दे की. मग पिल्लं झाली की आपण दोघांनी जाऊन सोडायची. ह्या खेपेला नीट. नागासेबाई सांगतील त्या जागी."

तोमोएलाही ते खरं वाटू लागलं होतं. ती सुद्धा जाता-येता टबात डोकवायची. काही अंड्यांत आता वाकडी, काळी, स्वल्पविरामाएवढी रेघ दिसू लागली होती. ती रेघ कधीकधी हलायची.

फोन दुपारी आला. तिने तो व्हरांड्यात जाऊन घेतला.

"सगळी ओझेकीची," नागासेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "वेगवेगळ्या दोऱ्यांतली घेतली होती. एकही नुशीचं नाही."

"आणि माद्या?"

"माद्या आहेत. पण डोहात त्यांना नर नाही आता. दुसऱ्या खोऱ्यातला आणायचा म्हटलं तर तो त्या खोऱ्याचा; हा वंश संपलाच. तोमोए-सान, अंडी आजच. पिल्लं बाहेर पडली की अवघड होईल. मी येऊ का?"

"नको. मी करते."

ती आत आली. क्यूझोचा हात पाण्यातच होता. त्याने मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की तोमोएला ते बघवेना.

"नुशीची ना?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हातारा सुखाने झोपला असता. आणि पिल्लं झाल्यावर टब उचलून म्हणाला असता, चल. तिने आयुष्यभर लोकांना सोसेल एवढंच सांगितलं होतं, बैठकीतही आणि घरीही, आणि त्याचं फळ बंधाऱ्याच्या जाळीत अडकलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

"नाही, बाबा. सगळी ओझेकीची."

त्याने हात पाण्यातून काढला. पंचाला पुसला. बराच वेळ तो पुसतच होता.

"मग आता सोय करायची," तो म्हणाला.

"सोय नाही. मारायची आहेत."

"तू?"

"मी."

"तुझी पोरं खेळायची ह्या वर्गात," क्यूझो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "सर बाजूला. पन्नास वर्षांपूर्वीचं पिंप पण मीच नेलं होतं."

तिने अडवलं नाही. टब दोघांनी धरला, पण पुढचं त्यानेच केलं. फ्रीजर शाळेच्या स्वयंपाकघरात होता, पूर्वी मुलांच्या जेवणातले मासे ठेवायचे तोच. क्यूझोने दोऱ्या ओंजळीने उचलून डब्यात ठेवल्या, गुंता होऊ न देता, एकेक. येतो तेवढा मंत्रही त्याने म्हटला नाही. मग डबा आत सरकवला आणि झाकण लावलं.

झाकणावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. तोमोए थांबली. बाहेर टाक्यांचे पंप घरघरत होते.

"गार वाजत असेल का गं त्यांना?"

"हो, बाबा," तोमोए म्हणाली. "थोडा वेळ वाजेल."